नियमांची वही

गेल्या वर्षापर्यंत वसतिगृहातल्या माझ्या टेबलाच्या खणात, अगदी तळाशी, एक शंभर पानी वही असे. तिच्या पहिल्या पानावर मी अकरा नियम लिहिले होते. पहाटे पाचला उठायचे. थंड पाण्याने आंघोळ करायची. रात्री मोबाईल उशाशी ठेवायचा नाही. विनाकारण एकटे बसायचे नाही. वर्गातल्या मुलींकडे मान वर करून बघायचे नाही. पुढच्या पानांवर तारखा होत्या. नियम पाळला तर तारखेपुढे बरोबरची खूण आणि मोडला तर फुली. फुल्या फार झाल्या की मी ती पाने फाडून टाकी आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी. असे करता करता त्या शंभर पानी वहीत पन्नास-साठच पाने उरली.

या गोष्टी वार्षिकांकात लिहाव्यात की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. शरीराच्या ओढीविषयी आपल्याकडे एक तर कुजबुज चालते, नाही तर उपदेश चालतो. पहिल्या वर्षाला असताना एका शिबिरात पाहुण्या वक्त्यांनी आम्हां मुलांना या विषयावर तासभर सुनावले होते. ज्याच्या मनात असे विचार येतात तो आयुष्यात काही करू शकत नाही, असा त्याचा मथितार्थ होता. माझ्या मनात असे विचार येत होते. तेव्हा आपण काही करू शकणार नाही, हे मी त्या दिवशी मान्य करून टाकले आणि येताना ती वही विकत घेतली.

पुढे परीक्षेनंतरच्या रिकाम्या दिवसांत, केवळ जाडजूड आहे म्हणून, मी ग्रंथालयातून टॉलस्टॉयचे चरित्र आणले. शंभरएक पाने झाली आणि मी दचकलो. माझी वही तिथे होती. ती माझ्या दीड-पावणेदोनशे वर्षे आधी, रशियात, एका अठरा वर्षांच्या मुलाने लिहायला घेतली होती. त्या वहीचे पुढे काय झाले, तेवढेच मला सांगायचे आहे.

लिओ टॉलस्टॉयचा जन्म ९ सप्टेंबर १८२८ चा. मॉस्कोच्या दक्षिणेला, तुला शहराजवळ, यास्नाया पोल्याना नावाची त्याच्या आईच्या माहेराकडून आलेली जहागीर होती, तिथला. तो दोन वर्षांचा होण्याआधीच आई गेली. १८३७ साली वडीलही गेले. चार भावांतला हा धाकटा. आत्यांनी आणि दूरच्या नात्यातल्या एका प्रेमळ बाईंनी या मुलांना वाढवले. खाण्यापिण्याची, नोकरचाकरांची वाण नव्हती. पण या मुलाला लहानपणापासून एक दुःख होते. आपण कुरूप आहोत, ही गोष्ट त्याच्या मनाने घेतली होती. रुंद नाक, जाड ओठ, बारीक करडे डोळे. एकदा तर त्याने स्वतःच्या भुवयाच कातरून टाकल्या होत्या. १८५२ साली त्याची पहिली कादंबरी ‘बालपण’ प्रसिद्ध झाली, तिच्यातला छोटा नायकही आरशासमोर हेच दुःख करतो. असा चेहरा असलेल्या माणसाला जगात सुख मिळणार नाही, अशी त्याची खात्री झालेली असते.

आरशापुढचे हे दुःख मला परके नव्हते. वहीतल्या फुल्या आणि आरसा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे मात्र मला टॉलस्टॉयमुळे कळले. ज्याला स्वतःची किंमत वाटत नाही, त्याला आपली प्रत्येक इच्छा हा आपल्या नालायकीचा आणखी एक पुरावा वाटतो.

१८४४ साली तो कझान विद्यापीठात दाखल झाला. आधी पौर्वात्य भाषा घेतल्या, त्यात नापास झाला. मग कायदा घेतला. १८४७ साली पदवी न घेताच विद्यापीठ सोडले. पण त्याआधी, त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात, तो विद्यापीठाच्या दवाखान्यात पडून होता. वेश्यागमनातून झालेल्या गुप्तरोगावर त्याच्यावर उपचार चालू होते. खोलीत एकटा, नोकरही जवळ नाही. तिथे त्याने रोजनिशी लिहायला सुरुवात केली. साठाहून अधिक वर्षे, मध्ये मोठे खंड पडले तरी, मरणाच्या दारापर्यंत ज्या रोजनिश्या त्याने लिहिल्या, त्यांचे पहिले पान हे असे शरमेच्या अंथरुणावर लिहिलेले आहे.

रोजनिशीपाठोपाठ नियम आले. इच्छाशक्ती वाढवण्याचे नियम, बुद्धी वाढवण्याचे नियम, पहाटे उठण्याचे, जेवणाचे, अभ्यासाचे नियम. स्त्रियांची संगत ही समाजातली एक अपरिहार्य आपत्ती समजून तिच्यापासून शक्य तितके दूर राहावे, असाही एक नियम होता. पुढे बेंजामिन फ्रँकलिनच्या पद्धतीने त्याने आपल्या दोषांचे तक्तेही आखले. आळस, गर्व, खोटेपणा, वासना. कोणत्या दिवशी कोणता दोष घडला याची रोज नोंद.

आणि रोज नियम मोडत होता. तुला, मॉस्को, पीटर्सबर्ग, १८५१ नंतर काकेशस, सगळीकडे तेच. जुगार, बायका, पश्चात्ताप, नवा नियम. जुगारातली देणी इतकी वाढली की १८५४ साली यास्नाया पोल्यानातले मोठे घर, ज्यात तो जन्मला होता, ते विकले गेले. विकत घेणाऱ्याने ते उतरवून दुसरीकडे नेले. घराचे पैसेही पत्त्यांवर गेले. आजही तिथे जाणाऱ्याला ती रिकामी जागा आणि बाजूच्या इमारती तेवढ्या दिसतात.

हा माणूस दुबळ्या मनाचा होता, असे म्हणावे तर तेही जमत नाही. १८५५ साली सेबास्तोपोलच्या वेढ्यात तो चौथ्या बुरुजावर होता. त्या बुरुजावर सर्वांत जास्त तोफगोळे पडत. तशा धामधुमीतही त्याचे लेखन चालू होते. मरणापुढे न हलणारा माणूस स्वतःच्या तक्त्यापुढे मात्र रोज हरत होता. इच्छाशक्ती कमी पडते म्हणून नियम मोडतात, हे शिबिरातले उत्तर मला इथे पहिल्यांदा खोटे वाटले. माझ्या वहीचा अनुभव वेगळाच होता. नियम माणसाच्या ताकदीबाहेरचा करायचा, तो मोडला की स्वतःची किळस करायची, आणि ती किळस असह्य झाली की तिच्यातून सुटायला पुन्हा त्याच गोष्टीकडे वळायचे. फुलीच पुढच्या फुलीला जन्म देत होती. टॉलस्टॉयच्या रोजनिशीत मला हेच चक्र वर्षानुवर्षे फिरताना दिसले.

इथपर्यंत मला टॉलस्टॉय जवळचा वाटत होता. पुढे त्याचा राग येऊ लागला.

१८५८ साली, वयाच्या तिसाव्या वर्षाच्या सुमारास, त्याचे आपल्या इस्टेटीतल्या अक्सिन्या नावाच्या शेतकरी स्त्रीशी संबंध जुळले. ती विवाहित होती. रशियातली भूदासप्रथा १८६१ साली रद्द झाली. म्हणजे हा जमीनदार होता आणि ती त्याच्या मालकीच्या गावातली बाई होती. तिला नाही म्हणता आले असते का, हा प्रश्न त्या काळच्या रोजनिशीने स्वतःला विचारल्याचे दिसत नाही. तिथे आहे ती त्याची ओढ, त्याचे प्रेम, त्याची शरम, त्याचा पश्चात्ताप. १८६० साली तिला तिमोफेई नावाचा मुलगा झाला. टॉलस्टॉयने त्याला आपले नाव दिले नाही. हा मुलगा पुढे टॉलस्टॉयच्याच एका औरस मुलाकडे गाडीवान म्हणून राबला.

स्वतःच्या तिरस्कारात बुडालेल्या माणसाला दुसरा माणूस दिसेनासा होतो, हे मला या ठिकाणी कळले. आपण किती वाईट आहोत, याचाच हिशेब तो मांडत बसतो. त्या हिशेबात समोरच्या बाईच्या नावाने खातेच नसते. माझ्या अकरा नियमांतला एक नियम मुलींविषयी होता. माझ्या चुकीची शिक्षा मी त्यांना देत होतो. त्यांच्याशी साधे बोलायचेही बंद केले होते, आणि याला मी संयम म्हणत होतो.

नवल असे, की याच काळात त्याच माणसाने यास्नाया पोल्यानात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालवली. १८५९ ते १८६२ या वर्षांत ती भरात होती. त्या शाळेत शिक्षा नव्हती. घरचा अभ्यास नव्हता. उशीर झाला म्हणून कोणी रागावत नसे. मुले हवी तिथे बसत, आणि कंटाळली तर उठून घरी जात. मुलाला भीती दाखवून आणि लाज वाटायला लावून काही शिकवता येत नाही, हा त्या शाळेचा पाया होता. या विषयावर त्याने लेख लिहिले, ते आजही शिक्षणशास्त्राचे विद्यार्थी वाचतात. मुलांना त्याने जे दिले ते स्वतःला मात्र कधी दिले नाही. स्वतःसाठी त्याच्याकडे छडीच होती.

१८६२ च्या सप्टेंबरात त्याने सोफिया बेर्स हिच्याशी लग्न केले. तो चौतीस वर्षांचा, ती अठरा. लग्नाआधी काही दिवस त्याने आपल्या सगळ्या रोजनिश्या तिच्या हातात दिल्या. वेश्या, जुगार, रोग, अक्सिन्या, सगळे तिने वाचले. ती खूप रडली आणि तिने क्षमा केली. पण विसरली नाही. लग्नानंतर घरात फरशी पुसायला आलेल्या बायकांत तिने अक्सिन्याला पाहिले, त्या दिवशीची आग तिच्या स्वतःच्या रोजनिशीत उतरली आहे.

चरित्रकार याला प्रामाणिकपणा म्हणतात. मीही आधी तसेच म्हटले होते. मग वाटले, मनावरचे ओझे उतरवण्यासाठी त्याने ते एका अठरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर ठेवले. मन मोकळे करावे हे खरे. पण ज्याच्यापाशी करायचे त्याला ते पेलेल का, एवढा विचार प्रामाणिकपणालाही करावा लागतो.

लग्नानंतरची पंधरा वर्षे त्याच्या आयुष्यातली सर्वांत भरीव. ‘युद्ध आणि शांती’, मग ‘अ‍ॅना कॅरेनिना’. सोफियाने त्याच्या गिचमिड हस्तलिखितांच्या पुनःपुन्हा प्रती केल्या. या कादंबऱ्यांत मला एक गोष्ट फार भावली. जी माणसे तो स्वतः होता आणि ज्यांचा तो तिरस्कार करी, त्यांना कागदावर त्याने मायेने वागवले आहे. पिएर लठ्ठ, बावळट, चष्मा लावणारा. केवळ देहाच्या ओढीने तो चुकीचे लग्न करतो आणि पस्तावतो, पण लेखक त्याला हाकलून देत नाही. प्रिन्सेस मार्या रूपाने सामान्य आहे. तिचे डोळे मात्र तेजस्वी आहेत, आणि आपले डोळे सुंदर दिसतात ते क्षण तिला आरशात कधी सापडत नाहीत. आरशाला घाबरणाऱ्या मुलाने मोठेपणी लिहिलेले यापेक्षा चांगले उत्तर मला माहीत नाही.

पण रोजनिशीतल्या माणसापर्यंत ते उत्तर पोचले नाही. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्याला सगळे व्यर्थ वाटू लागले. जीव देऊ की काय, या भीतीने तो खोलीतला दोर लपवून ठेवी आणि शिकारीला बंदूक नेईनासा झाला. या अंधारातून तो धर्माच्या वाटेने बाहेर आला. मद्य, मांस, तंबाखू सोडले, शेतात राबू लागला. वासनेविषयीचा राग मात्र वाढतच गेला. १८८९ साली पूर्ण झालेल्या ‘क्रॉइट्झर सोनाटा’त बायकोचा खून केलेला एक माणूस आगगाडीत आपली कहाणी सांगतो. पुढच्याच वर्षी टॉलस्टॉयने तिला उपसंहार जोडला आणि विवाहातही ब्रह्मचर्य हाच आदर्श असल्याचे सांगितले. स्वतः डॉक्टर असलेल्या चेकॉव्हने या कथेचे मोल मानले. पण शरीराविषयी आणि स्त्रियांविषयी टॉलस्टॉय ज्या गोष्टी माहीत नसताना ठासून बोलतो, त्यांबद्दल त्याने एका पत्रात नाराजी व्यक्त केली.

सोफियाचे काय झाले असेल? तिने तेरा मुलांना जन्म दिला होता. त्यांतली पाच लहानपणीच गेली. तेरावा इव्हान १८८८ साली जन्मला, तेव्हा टॉलस्टॉय साठीला टेकला होता. लोक ती कथा वाचून तिच्याकडे बोट दाखवू लागले. तरीही तीच १८९१ साली झारला भेटून कथेवरची बंदी सैल करून घेऊन आली. मग तिने उत्तरादाखल एक कथा लिहिली. तीच हकिगत, पण बायकोच्या बाजूने सांगितलेली. ‘दोष कोणाचा?’ असे तिचे नाव. ती छापली जायला १९९४ साल उजाडले.

त्याच १८८९ साली टॉलस्टॉयने ‘सैतान’ ही कथा लिहिली आणि बायकोच्या हाती लागू नये म्हणून खुर्चीच्या गादीत दडवून ठेवली. ती त्याच्या मृत्यूनंतर, १९११ साली बाहेर आली. तरुण जमीनदार, लग्नाआधीची शेतकरी स्त्री, लग्नानंतरही न सुटणारी ओढ. ही अक्सिन्याचीच गोष्ट. या कथेला त्याने दोन शेवट लिहिले आहेत. एकात नायक स्वतःला गोळी घालतो, दुसऱ्यात त्या बाईला. दोन्ही शेवट वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ बसून राहिलो. किळसेच्या वाटेने गेले तर जाण्यासारखी दोनच ठिकाणे उरतात. एक तर स्वतःचा नाश, नाही तर दुसऱ्याचा. ती बाई सैतान नव्हती आणि तोही नव्हता.

तिसरी वाट त्याला थोडीफार सापडली ती ‘पुनरुत्थान’ या कादंबरीत. १८९९ सालची ही कादंबरी. आपण भोगून टाकून दिलेली मुलगी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी आहे, हे नेख्ल्यूदोव्हला ज्यूरीत बसल्यावर दिसते. कथेचे बीज एका वकील मित्राने सांगितलेल्या हकिगतीत होते, पण त्यात टॉलस्टॉयची स्वतःची आठवणही होती. म्हातारपणी त्याने आपल्या चरित्रकाराला बजावून सांगितले, की माझे नुसते गुण लिहू नका. एका शेतकरी स्त्रीशी असलेले संबंध, आणि आत्याच्या घरातल्या मोलकरणीशी मी केलेले दुर्वर्तन, या दोन गोष्टी मला अजून छळतात. इथे पहिल्यांदा हिशेबात दुसऱ्या माणसाचे खाते उघडले गेले. मी किती वाईट, हा प्रश्न मागे पडून तिचे काय झाले, हा प्रश्न पुढे आला. शरम आणि जबाबदारी यांत अंतर आहे ते हेच. या कादंबरीचे पैसे त्याने दुखोबोर नावाच्या छळ सोसलेल्या धर्मपंथाला कॅनडात स्थलांतर करता यावे म्हणून दिले.

टॉलस्टॉयचे हे ब्रह्मचर्याचे विचार आपल्यापर्यंतही आले. गांधीजींनी १८९४ साली त्याचा ग्रंथ वाचला, १९०९-१० मध्ये दोघांचा पत्रव्यवहार झाला, आणि जोहान्सबर्गजवळच्या वसाहतीला टॉलस्टॉय फार्म हे नाव मिळाले. पण आपल्याच मराठीत दुसराही आवाज होता. जुलै १९२७ पासून रघुनाथ धोंडो कर्वे मुंबईहून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढत. वाचकांच्या लाजेच्या प्रश्नांना ते सरळ, शास्त्राच्या भाषेत उत्तरे देत. त्यासाठी त्यांच्यावर खटले झाले. १९३४ साली त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर कोर्टात उभे राहिले. १९५३ साली मरेपर्यंत कर्व्यांनी मासिक सोडले नाही. यास्नाया पोल्यानातल्या त्या तरुणाला असा कोणी डॉक्टर, असा कोणी संपादक भेटता, तर सोफियाचे आणि अक्सिन्याचेही आयुष्य कदाचित वेगळे झाले असते, असे मला वाटते.

टॉलस्टॉय बयाऐंशी वर्षांचा असताना एका रात्री घर सोडून निघाला आणि २० नोव्हेंबर १९१० रोजी अस्तापोवो या लहानशा रेल्वे स्टेशनवर, स्टेशनमास्तरच्या घरात वारला. सोफिया धावत आली, पण तो शुद्धीत असेपर्यंत तिला आत जाऊ दिले नाही. त्याला यास्नाया पोल्यानाच्या रानात पुरले. लहानपणी थोरल्या भावाने सांगितले होते, की सर्व माणसांना सुखी करण्याचे रहस्य एका हिरव्या काठीवर कोरलेले असून ती काठी या रानात पुरली आहे. तीच जागा त्याने मागून घेतली होती. तिथे क्रूस नाही, नाव नाही. गवत उगवलेला एक उंचवटा आहे.

हे सारे वाचून माझ्या मनातले विचार थांबले, असे मी म्हणणार नाही. ते येतात. मी माझ्या खोलीतल्या मित्राशी एकदा बोललो, तेव्हा त्याच्याही खणात वही नसली तरी डोक्यात तीच होती, असे निघाले. नंतर आम्ही दोघे एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दहा मिनिटांत जे सांगितले त्याने शिबिरातला तास पुसला गेला. विचार येणे हा गुन्हा नाही, त्या विचारापोटी दुसऱ्याला वस्तूसारखे वागवणे हा गुन्हा आहे. एवढी एक रेघ मी पाळायची ठरवली आहे. अकरा नियमांपेक्षा ती मला जड जाते, पण मोडली तर ती कोणाच्या दारात मोडली हे मला कळेल.

ती वही मी फेकली नाही. पहिले पान तेवढे फाडले. मागच्या कोऱ्या पानांवर या लेखाची टिपणे आहेत. वर्गातल्या एका मुलीने ती वाचून अक्सिन्याच्या भागाला आणखी जागा द्यायला सांगितली. तिचे म्हणणे बरोबर होते. म्हणून तो भाग मी पुन्हा लिहिला.